एक बोट कमी

घागर पहिली

विहिरीपासून महादेवाच्या दारापर्यंत दोनशे दहा पावलं. नाथाजीनं ती मोजली, कारण मोजत चाललं की मनात दुसरं काही येत नाही. पलटणीत हे कामी यायचं. इथं येत नव्हतं.

दहा पावलं: पाऊस पडावा.

तीस: पडेलच. आज नाही तर उद्या.

साठ: उद्या नको.

नव्वद: घागर डचमळली, पाणी मानेवरून पाठीत उतरलं. बरं वाटलं.

एकशे चाळीस: अजून पंधरा दिवस. फक्त पंधरा.

दोनशे: पाऊस पडावा, पाऊस पडावा, पाऊस पडावा.

दोनशे दहा: दारात दगडाबाई.

दगडाबाई ही गुरवाची म्हातारी. दिवसभर उंबऱ्याशी बसून घागर आणणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती, मनापासनं ओत. नाथाजीनं मान हलवली आणि ओतली.

लढाई संपून दुसरं वर्ष. विट्याच्या पुढचं, पूर्वेकडचं गाव. मृग कोरडा गेला होता, आर्द्रा लागून आठ दिवस झाले होते आणि गावानं देव कोंडायचं ठरवलं होतं. म्हणजे गाभाऱ्यात पाणी भरायचं, पिंड बुडाली की दार चिखलानं लिंपायचं आणि पाऊस येईतो उघडायचं नाही. प्रत्येक घरच्या माणशी पाच घागरी, सकाळी आणि संध्याकाळी. पारोशानं आणू नये. वाटेत टेकवू नये. ओतताना मनात दुसरं काही नसावं.

शेवटचं कुणी कसं तपासणार?


घागर सातवी

नाथाजीनं गावात सांगितलं होतं ते असं: बेळगावला पलटणीतनं नाव कटलं, सरकारनं हातावर पैसे ठेवले, ते सांगलीत एका मशिनीत घातले. कसली मशीन? मोठी हाय. इंजिनावर चालती. लोकांनी तेलाचा घाणा धरला आणि त्याला मशीनवाले म्हणू लागले. तो हसायचा.

झालं होतं ते असं: पलटण इराकात बसऱ्याला असताना एका दुपारी कँटीनपुढं बर्फाची लादी आली. सगळी कंपनी तिच्याभोवती उभी राहिली. नाथाजीनं गाल टेकवला. तेव्हाच डोक्यात बसलं की जगात ऊन आहे तोवर हे विकणारा उपाशी मरायचा नाही. सुटून आल्यावर सांगलीत पेठेच्या मागं त्याला तोच गारवा सापडला. एक इंजिन, मिठाच्या पाण्याचा हौद, हौदात बुडवलेले पत्र्याचे डबे, डोळ्यांत जाणारा अमोनिया, सात भागीदार आणि बाळासो नावाचा मॅनेजर. नाथाजी आठवा झाला.

बर्फाची कंपनी. एवढे दोन शब्द त्यानं गावात कधीच उच्चारले नाहीत. उच्चारले असते तर पुढचंही सांगावं लागलं असतं. गेल्या साली मृग वेळेवर आला आणि आठ दिवसांत इंजिन बंद पडलं. सोडावाले येईनात, सरबतवाले येईनात. औंदा ऊन हटेना आणि इंजिन रात्रंदिवस चाललं होतं. बाळासोनं शब्द दिला होता की ऊन आणखी पंधरा दिवस टिकलं तर विट्याला दुसरी लहान मशीन टाकायची, आणि तिच्यावर माणूस नाथाजी. म्हणजे नांगर नाही. बापाच्या वेळेपासून रानातले वेचत आलेले दगड पुन्हा वेचायचे नाहीत.

बाळासो सांगायचा, ढग दिसला की माझ्या पोटात कळ येते. नाथाजी या चेष्टेवर खूप हसला होता. आता त्यालाही यायला लागली होती. गाव वर बघायचं, तोही वर बघायचा. पश्चिमेला काळं दिसलं की गाव हरखायचं आणि हा पोट धरून बसायचा.


घागर सोळावी

थोरला भाऊ तात्याबा. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं होतं.

तात्याबानं धूळपेरणी केली होती. पाऊस यायच्या आधीच, कोरड्या फुफाट्यात बाजरी पेरायची. पहिल्या सरीला बी तयार असतं, आणि सर वेळेवर आली की पीक सगळ्यांच्या पुढं निघतं. नाही आली तर मुंग्या आणि ऊन मिळून बी संपवतात. घरातलं सगळं बियाणं तात्याबानं घातलं होतं, पुढच्या पेरणीला मूठही राखली नव्हती. एकोणीस दिवस झाले होते.

तात्याबा बोलायचा कमी. रोज पहाटे रानात जायचा, मातीत बोट घालायचा, बी अजून जिवंत आहे का ते बघायला एक दाणा काढून दातांखाली धरायचा. मग थुंकायचा. बोटानं पाडलेलं भोक बुजवून परत यायचा. घरी कुणी विचारायचं नाही, तोही सांगायचा नाही.

दोघं भाऊ एकाच दोरानं पाणी ओढत होते. तात्याबा घागर ओतायचा तेव्हा डोळे मिटायचा. नाथाजीनंही मिटून बघितले. आत इंजिन चालू होतं.

त्यानं स्वतःशी बऱ्याच तऱ्हांनी मांडून बघितलं. ऊन काही त्यानं आणलेलं नव्हतं. तो उन्हाच्या बाजूनं उभा राहिला म्हणून ऊन टिकत नव्हतं. साहेबाच्या पलटणीत पाच वर्षं काढलेल्या माणसानं असलं काही मानायचं नसतं. मानत नव्हताच तो. मग पावलं कशाला मोजत होता?


घागर एकतिसावी

पिंडीचा माथा एक बोट वर राहिला.

पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळी बुडेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही एक बोट. तिसऱ्या दिवशी तेवढंच. मागच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं हे सगळ्यांना दिसत होतं, आणि विहिरीचा दोर दोन वाव वाढवावा लागला होता हेही. पण दगडाबाई उंबऱ्यावरून म्हणाली की कुणाच्या तरी मनात दुसरं आहे. मग भिंतीकडं कुणी बघेना, एकमेकांकडं बघायला लागले.

नाथाजी विहिरीच्या चौथ्या पायरीवर होता.

तो काही बोलायच्या आत कुणालातरी हरणाबाई आठवली. हरणाबाई धनगराची, नवरा मागंच वारलेला, पाच-पन्नास मेंढरं घेऊन गावाच्या पडीक रानात उतरलेली. चिखल झाला की मेंढरांचे खूर सडतात, हे लहान पोरालाही माहीत. हिला कशाला पाऊस पाहिजे असेल? तिची घागर भरलेली होती. ती दोघांनी वाटेतच अडवली.

हरणाबाईनं वाद घातला नाही. घागर तिथंच गुरांच्या डोणीत उपडी केली.

"चिखलात मेंढरं मरत्यात, खरं हाय," ती म्हणाली. "चाऱ्याबिगर बी मरत्यात."

आणि गेली.

तेव्हा नाथाजी म्हणाला

तेव्हा नाथाजी म्हणाला की

काही म्हणाला नाही. घागर खांद्यावर घेतली आणि दोनशे दहा पावलं चालला. बत्तिसावी.


घागर नाही

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं तो सांगलीला उतरला. कारखान्यापुढं हातगाड्यांची रांग होती. बाळासो घामानं भिजलेला, खुशीत, त्याला बघून आणखी खुशीत. नाथाजीनं एक लादी मागितली. बाळासो म्हणाला, भागीदाराला लादी फुकट, मोटारीचं भाडं तुमचं तुम्ही बघा. मग विचारलं, एवढ्या लांब कशाला?

लग्न आहे, नाथाजी म्हणाला. देवळात.

बाळासोच्या तोंडावर जे उमटलं ते नाथाजीला सबंध वाटभर आठवत राहिलं. तिकडच्या लग्नात बर्फ लागायला लागला, म्हणजे तिकडं गिऱ्हाईक आहे.

तीन मणांची लादी. भुशात लोळवली, गोणपाटात गुंडाळली, दोघांनी मोटारीच्या टपावर चढवली. ड्रायव्हर कुरकुरला. तासगावच्या अलीकडंच टपावरून पाणी गळायला लागलं आणि खिडकीशी बसलेल्यांनी हात बाहेर काढले. एका म्हातारीनं तळवा भरून तोंडाला लावला. कुणीतरी नाथाजीला विचारलं, पावनं, काय नेताय? तो म्हणाला, पाणी. मोटारीत हशा पिकला; विट्याकडं पाणी न्यायचं तर घागरीतनं न्या की, असं कुणी म्हणालं.

विटं आलं तोवर लादी निम्म्यावर आली होती. एका जागी बसवेना म्हणून तो मोटारीच्या दारात उभाच राहिला. प्रत्येक थेंब त्याच्या नावावरचा होता आणि रस्त्यावर पडत होता.


लादी

सांगलीत दोघांनी उचललेली लादी गावात त्यानं एकट्यानं खांद्यावर घेतली. संध्याकाळच्या घागरी चालल्या होत्या. ओळ थांबली. खांदा बधिर झाला, मग खांदा आहे की नाही कळेना. पावलं मोजायची राहून गेली.

दगडाबाईनं उंबऱ्यावरून विचारलं, "ह्यो कसला दगूड?"

"पाणीच हाय, आत्ती."

गोणपाट काढलं. पुढं आलेल्यांनी हात लावले आणि मागं घेतले. नाथाजीनं सांगून टाकलं, एका दमात, तात्याबाकडं न बघता: हाच आपल्या मशिनीचा माल. उन्हात खपतो. पाऊस आला की मशीन बंद. ऊन टिकलं तर विट्याला त्याच्या हाताखाली दुसरी मशीन.

"हरणाबाईच्या मनात काय न्हवतं," तो म्हणाला. "माझ्या हुतं."

 लादीचं पाणी पायऱ्यांवरून उतरत होतं. तात्याबा ओळीत बराच मागं होता. तो पुढं आला, त्यानं आपली घागर खाली टेकवली. वाटेत टेकवायची नसते, तरी टेकवली.

"कवापासनं?"

"तू पेरलंस त्या दिसापासनं."

तात्याबानं लादीकडं बघितलं. मग हात पुसले आणि तिचं दुसरं टोक धरलं. दोघं वाकून गाभाऱ्यात शिरले. पाणी मांड्यांपर्यंत आलं. लादी सोडली तशी ती बुडाली नाही, तरंगत पिंडीला जाऊन टेकली, आणि पिंडीचा माथा पाण्याखाली गेला. एक बोट.

नाथाजीचा हात लादीवरच राहिला होता.

"आता मनात काय हाय?" दगडाबाईनं बाहेरून विचारलं.

त्यानं बघितलं मनात. खरोखरच बघितलं.

"ठावं न्हाई, आत्ती."

"मग हात तरी सोड," ती म्हणाली.

त्यानं सोडला.

दार लिंपून झाल्यावर तात्याबा हरणाबाईला बोलवायला पडीक रानात गेला. तिथं चुलीचे तीन दगड होते आणि लेंड्या. मेंढरांच्या खुरांची वाट पूर्वेकडं गेलेली होती.


पोस्टकार्ड

पाऊस आला नाही. पाचव्या दिवशी बाळासोचं कार्ड आलं.

"रा. रा. नाथाजीराव यांस. आपल्या भागात मालास मागणी आहे असे दिसून येते. भागीदारांस कळविले, सर्वांस आनंद झाला. ऊन असेच राहिल्यास पुढील सोमवारी विट्यास जागा पाहण्यास येतो. लग्नसराईचा अंदाज द्यावा."

नाथाजीनं विट्याहून कोरं कार्ड आणलं. एकच होतं, म्हणून आधी पाटीवर लिहिलं.

मागणी आहे.

पुसलं.

सध्या मागणी नाही, पुढे

पुसलं.

लग्न नव्हते. देवाच्या गाभाऱ्यात पाणी कमी पडत होते, त्यात लादी घातली.

हे राहू दिलं. मग बराच वेळ दारातून बाहेर बघत बसला. वर पांढरं होतं, ढग म्हणावं असं काही नव्हतं, ऊनही धड नव्हतं. पोटात कळ आली. कशासाठी आली ते त्याला समजेना. ढग आहे म्हणून की नाही म्हणून?

कार्डावर शेवटी एवढंच गेलं: "लग्न नव्हते. देवाच्या गाभाऱ्यात पाणी कमी पडत होते, त्यात लादी घातली. येथे बर्फ विकत घेणारा कोणी नाही. सोमवारी येऊ नये. चूक माझी आहे." सही केली. सहीखाली जागा उरली होती. तिथं त्यानं "इकडे हवा" असं लिहिलं आणि पुढं काय लिहावं ते सुचलं नाही. तसंच मोटारवाल्याच्या हातात दिलं.


बोट

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्याबा निघाला तेव्हा नाथाजी त्याच्या मागं गेला. तात्याबानं वळून बघितलं, नको म्हणाला नाही. फुफाटा थंड होता, उजाडायचं होतं तेवढ्यापुरता.

तात्याबा बसला, त्यानं बोट मातीत घातलं. दाणा निघाला. या खेपेला त्यानं तो आपल्या तोंडात टाकला नाही, नाथाजीच्या हातावर ठेवला.

नाथाजीनं दातांखाली धरला. दाबला. कडक लागला, मग फुटला. माती, थोडं पीठ, आणखी काहीतरी कडवट. जिवंत दाण्याची चव कशी असते हे तो विसरला होता, का त्याला कधी माहीतच नव्हतं.

तात्याबा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"आणि एक काढ," नाथाजी म्हणाला.

तात्याबानं दोन पावलं पुढं सरकून बोट घातलं.