बुंधा उजव्या हाताला

देवाजीच्या सांध्यात खोट निघाली असं मला कोणी बाजारात सांगितलं असतं, तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. पण मी समोरच उभा होतो. चामोर्शीच्या शाळेसाठीचं पहिलं दार आम्ही कारखान्यात जोडलं, तर डावीकडे सगळं सपाट आणि उजवीकडे आडवी पट्टी उभीपेक्षा दोन सूत पुढे. हात फिरवला की बोट अडखळत होतं. दुसरं दार जोडलं. तेही तसंच.

देवाजी माझा भाऊजी, बहीण गुणाबाईचा नवरा. ज्या दिवशी सांधा चुकेल त्या दिवशी लाकूड तासायचा वाकस देवीपुढे ठेवीन, पुन्हा उचलणार नाही, हा त्याचा शब्द अख्ख्या बल्लारपूरला पाठ होता. त्याच्या बापाने तसंच केलं होतं, आणि मग ओट्यावर बसून वर्षभरात खंगून गेला होता.

देवाजीने वाकस पुसला आणि दुपट्ट्यात गुंडाळायला लागला.

"माह्यी नजर गेली, मुखरू," तो म्हणाला.

मला रडू आलं आणि रागही आला. राग मी मशीनवर काढला. गुणवंतराव मालकांनी विजेवर चौकोनी भोकं पाडणारं हे धूड नुकतंच आणलं होतं. लाकूड त्याच्या लोखंडी पाठीला टेकवायचं, दांडा ओढायचा, की खाच तयार. खतकशाने रेघ मारायचीही गरज नाही. मी त्याला शिव्या घालत दोन टाकाऊ तुकड्यांत खाचा पाडल्या आणि जुळवून पाहिल्या. दोन्ही तंतोतंत सारख्या. तेव्हा मी खरा हादरलो. मशीन निर्दोष निघालं, म्हणजे दोष भाऊजीच्या माथी गेला, आणि तो मीच नेऊन घातला होता.

जायच्या आधी माझ्यादेखत एका दाराच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या खाचा पाड, म्हणून मी त्याच्या पाया पडलो. त्याने डावी पट्टी ठेवली. दर्शनी बाजूची पेन्सिलची फुली मशीनच्या पाठीकडे. मग उजवी उचलली, हवेत फिरवली आणि ठेवली. फुली आमच्याकडे!

फिरवली, कारण फुली पाठीकडे ठेवली तर या पट्टीचा बुंधा डावीकडे जात होता, आणि तो उजव्या हाताला यायला हवा होता. त्याच्या घराण्याची रीतच ती. बुंधा म्हणजे लाकडाचं मुळाकडचं टोक, झाडाचे पाय, ते कारागिराच्या उजव्या हाताला असलेच पाहिजेत, नाहीतर लाकडाला हात लावायचा नाही. हाताने काम करताना त्याने काही बिघडत नव्हतं, कारण रेघ नेहमी दर्शनी बाजूनेच मारली जायची. मशीन मात्र पाठीपासून मोजतं. एका पट्टीत ते पुढून मोजत होतं, दुसरीत मागून. नजर शाबूत होती. चुकवत होती ती बापाची शिकवण.

हे मी त्याला सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने फुलीवर बोट ठेवलं.

"बापानं शिकवलेलं सोडू मी?" त्याने विचारलं.

वाकस ठेवणं त्याला जमलं असतं, बुंधा डावीकडे ठेवणं नसतं जमलं. मला समोर माझ्या बहिणीचा ओटा दिसायला लागला.

मग त्याने नवी उजवी पट्टी घेतली आणि फुली पाठीकडे करून ठेवली. बुंधा डावीकडे गेला. देवाजी तिथून निघाला, मशीनला वळसा घालून मागच्या भुशाच्या ढिगात गुडघाभर रुतून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि पट्टीवर हात ठेवला. त्याच्या बाजूने बुंधा बरोबर उजव्या हाताला होता.

"दांडा तू वढ," तो म्हणाला. "मले इथून पुरत नाई."

मी ओढला. दार जोडल्यावर त्याने डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवलं. बोट अडखळलं नाही. मग त्याने दुपट्ट्यातून वाकस बाहेर काढला, दुपट्टा झटकला आणि खांद्यावर टाकला.