सांजेची भाकर

तुरीच्या डाळीचं टोपलं लवंडलं आन मनकर्णाबाईचं तोंड सुरू झालं. ओट्यावरून ती हलली नाही. आवाजावरूनच सुनेला म्हणाली, "पायापुढचं दिसत नाही काहून वं? डोये माहेरी ठिवून आली का?"

पंचफुला खाली बसून हातानं डाळ चाचपू लागली. टोपलं तिला खरंच दिसलं नव्हतं. बाळंत झाल्यापासून असंच चाललं होतं. दिवसा सगळं लख्ख, पण दिवस कलला की घर काळ्या मातीत पुरल्यागत व्हायचं. दूर देशी चाललेल्या लढाईपायी घासलेट मिळत नव्हतं. दिवा उशिरा लागे, तोवर ती भिंत धरून चाले. सांगावं कोणाला? गावातल्या जगदेवची सून रातांधळी निघाली तर तिला माहेरी धाडली होती, आन लेकरू ठेवून घेतलं होतं.

दिवस मावळता मावळता बांगड्या भरायला आलेल्या सिताराबीनं ओळखलं. पंचफुलानं हात पुढं केला तो भलतीकडेच.

"कवापासून?" तिनं हळूच विचारलं.

पंचफुलाचे डोळे भरले.

"रडू नोको. माह्या रऊफच्या बाळंतपनात माह्यं बी असंच झालतं. शेवग्याचा कोवळा पाला खाय, तेलात परतून."

"बाळंतिनीनं पाला खाल्ला तं लेकराले हगवन लागते म्हन्ते आत्याबाई."

"मूठभर खाय, बकरीवानी नोको खाऊ. आन लेकराचं लंगोट पाहत राय."

शेवगा परसातच होता. सासू वावरात गेली की पंचफुला पाला खुडायची, बारीक चिरून परतायची, आपल्यापुरत्या पिठात मळायची. हिरवी भाकर पदराआड खायची, आन मग लेकराचं लंगोट उलगडायची. रोजच्यासारखंच असायचं. त्या घडीला कोणी मोती दाखवले असते तरी तिनं मान वर केली नसती.

हळूहळू सांज पातळ होत गेली. एका दिवशी दिवा लागायच्या आधीच लेकराच्या कपाळावरची तीट तिला दिसली. कितीतरी वेळ ती त्या काळ्या ठिपक्याकडं पाहत राहिली.

मान वर केली तर मनकर्णाबाई न्हाणीकडून येत होती. भिंत धरून. एक हात पुढं, बोटं पसरलेली. उंबरठा तिनं आधी पायानं चाचपला, मग ओलांडला. थेट पंचफुलासारखंच.

"दे लेकराले माह्यापाशी," ती म्हणाली. हात पसरले होते खांबाकडं.

पंचफुलाच्या काळजात लख्ख झालं. नातू व्हावा म्हणून म्हातारीनं पोहऱ्याच्या देवीपुढं पालेभाजी सोडली होती, जन्मभराची. नातू झाला, आन सांजेला त्याचंच तोंड तिला दिसत नव्हतं. बोलायचीही सोय नाही. रातांधळ्या सुनेला माहेर तरी असतं, सासूला कुठलं?

दुसऱ्या दिवशी पंचफुलानं पीठ जरा जास्त मळलं, आन दिवा लागायच्या आधीच ताट वाढलं.

मनकर्णाबाईनं घास तोडला. चावला. थांबली.

"पिठाले कायचा वास येऊन राह्यला वं?"

"ज्वारीत मेथीचे दाने पडले वाट्टे, आत्याबाई."

"मेथी कडू असते," म्हातारी म्हणाली.

परसात शेवगा सळसळला. म्हातारीनं तिकडं कान दिला, आन पुन्हा चावू लागली. जराशानं तिची बोटं ताटभर फिरली. ताट रिकामं होतं.

"अर्दी आनखी दे," ती म्हणाली. "आन दिव्याची घाई करू नोको. घासलेट भेटत नाही."