काढून टाकलेली तार

काकूंच्या घरात कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली होती. कोंबड्या काकूंच्या, डुकरं काकांची. रोज सकाळी काकू चाकांचं खुराडं ओढत ताज्या गवतावर न्यायच्या, आणि काका पलीकडे डुकरांशी गप्पा छाटत बसायचे. सगळ्यात मोठ्या डुकरिणीचं नाव त्यांनी आत्याबाई ठेवलं होतं. ते काकूंच्या सख्ख्या आत्यावरून, हे काकूंना ठाऊक होतं. आणि साम्य नाकारण्याची सोय नव्हती, हीच खरी चीड होती.

वाटणीचं कारण वेगळं होतं. नव्या नवरीच्या उत्साहात काकू बादली घेऊन डुकरांकडे निघाल्या आणि कुंपणाच्या करंटच्या तारेला ओला हात लागला. झटका चिमट्याएवढाच; पण काकू बादलीसकट चिखलात बसल्या, आणि काका हसले. हसले ते हसले, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला महिनाभर सांगत सुटले. तेव्हापासून काकूंनी तारेपलीकडे पाऊल म्हणून टाकलं नव्हतं.

आता काकांचा खुबा बदलला होता आणि डॉक्टरांनी अंगणात उतरायलाही बंदी घातली होती. इकडे डुकरांनी आपला तुकडा उकरून पार चिखल केला होता. त्यांना झाडांखालच्या नव्या तुकड्यात हलवणं भाग होतं.

"गावातल्या गोठेवाल्याला सांगितलंय मी," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "संध्याकाळी टेम्पो घेऊन येईल. डुकरं कायमचीच नेऊ दे. तुला काही ती जमायची नाहीत."

भिंतीकडे तोंड केलं की हा माणूस रडतोय, हे कळायला काकूंना इतक्या वर्षांच्या संसारानंतर चष्मा लागत नव्हता.

"टेम्पो यायला अवकाश आहे," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.

करंटचं बटण बंद केलं, बाहेरून वळसा घालून त्या झाडांकडच्या बाजूला गेल्या, तिथली तार गुंडाळली, खुंट्या उपटल्या. बादली वाजवली. डुकरं धावत आली आणि जिथे तार असायची, बरोब्बर तिथे येऊन थबकली. आत्याबाईंनी नाक पुढे केलं, हवेचाच झटका बसेल की काय अशा बेताने मागे घेतलं आणि ठाण मांडलं.

"अगं, तार काढलीये! डोळे फुटले का?" काकूंनी पुष्कळ आरडाओरडा केला. कोबी दाखवला, शिळी भाकरी दाखवली. ढिम्म.

कुबड्या टेकत मागच्या पायरीपर्यंत आलेले काका ओरडले, "सगळ्यांना एकेकदा नाकावर बसलाय तो झटका! ओळखीचं माणूस आतून बाहेर आलेलं दिसलं तरच येतील. तू आत जा आणि त्यांच्यासमोर बाहेर ये!"

काकूंनी खाली पाहिलं. समोर काहीच नव्हतं. पाय मात्र उचलेना. अलीकडे काकू, पलीकडे आत्याबाई, मधे नसलेली तार, आणि दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

"जमत नाही मला!" काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"मग मीच येतो."

काकूंनी वर पाहिलं तर काकांनी पायरीखालचं, डुकरांच्या तुकड्यात जाणारं लाकडी फाटक उघडलं होतं आणि एक कुबडी चिखलात रोवली होती. पायात एकच चप्पल.

"अहो! तिथेच थांबा! पाऊल टाकलंत तर याद राखा!" काकू धावल्या. डुकरांमधून, चिखलातून, हातात बादली तशीच. काकांना धरून पायरीवर बसवलं, कुबडी हिसकावली, आणि मग तोंडाचा जो पट्टा सुरू झाला त्यात डॉक्टर, खुबा, सासरची सगळी माणसं आणि ती एक चप्पल, काही म्हणता काही सुटलं नाही.

"बरं," काका शांतपणे म्हणाले, "आता आत आलीच आहेस तर बाहेर जा."

तेव्हा कुठे काकूंच्या ध्यानात आलं. आत्याबाई शेजारी उभ्या राहून बादली हुंगत होत्या. काकूंनी भीत भीत त्यांच्या कानामागे खाजवलं. आत्याबाईंनी डोळे मिटले. कातडी राठ होती, पण ऊबदार, आणि काकूंना ती एकदम आवडलीच.

"चला आत्याबाई," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही लागलं, तुम्हालाही नाही लागणार."

तारेच्या जागी आत्याबाई पुन्हा थबकल्या. काकू एक पाऊल पलीकडे गेल्या, अलीकडे आल्या, परत पलीकडे गेल्या. आत्याबाईंनी पुढचा पाय टाकला, मग दुसरा. मागून बाकीची मंडळी ढुशा देत सुटली आणि नव्या गवतात नाकं खुपसून मोकळी झाली.

संध्याकाळी गोठेवाला टेम्पो घेऊन आला. काकूंनी त्याच्या हातात अंड्यांची टोपली ठेवली आणि म्हणाल्या, "फुकट खेप पडली तुम्हाला. आमची कुठे जायची नाहीत." काकांनी लगेच भिंतीकडे तोंड केलं.

टेम्पो गेल्यावर काकू त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"खरं सांगा. चिखलात उतरणार होतात, की सोंग होतं?"

काका भिंतीलाच म्हणाले, "सोंग होतं म्हटलं, तर पुन्हा कधी धावशील का?"

काकू उठल्या, कोपऱ्यातून काकांची दुसरी चप्पल शोधून आणली आणि पहिलीशेजारी ठेवली.