चढाला अडलेली डेमोची गाडी

मी शोरूमच्या दारात उभी असते. डेमोची गाडी. सगळे मला चालवून बघतात आणि घरी नेतात दुसरीला. माझ्याच रूपाची, कोरी, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. त्यामुळे माझा स्वभाव कडवट झाला असेल, तर मला त्याचं काही वाटत नाही. मी कुणाची लाडकी म्हणून जन्मले नाही. आणि ज्या बाईची गोष्ट आता सांगणार आहे, तीही मला कधी आवडली नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग पिस्त्यासारखा होता. अंगाने मी सडपातळ. मोटर मागच्या चाकातच बसवलेली, बॅटरी पायाखाली, पोट जमिनीलगत. मला तिथे गुळगुळीत रस्त्यावर पळवलं, पाण्याच्या फवाऱ्याखाली धरलं आणि पास केलं. डोंगराचं नाव कुणी काढलं नाही. मग मी विजेवर चालणाऱ्या इतर स्कूटर-बहिणींबरोबर कोल्हापूरला, शाहूपुरीतल्या यशराजच्या शोरूममध्ये आले.

माणसं गाडी कशी निवडतात, हे मी जवळून पाहिलं आहे. आरसा मागचा रस्ता दिसावा म्हणून असतो, पण बसणारा आधी स्वतःचे केस बघतो. मग रंग विचारतो, मग एका चार्जिंगमध्ये किती जाते ते विचारतो. वजनाचं कुणी बोलत नाही. अंगाने भरलेलं माणूस आलं की यशराजच्या ओठाचा कोपरा हलायचा, आणि ते माणूस माझ्या सीटच्या कडेवर टेकल्यासारखं बसायचं. जणू अवघडून बसलं की वजन कमी भरतं. मला अशी माणसं नकोशी व्हायची. शॉकअप दबले की माझा जीव जायचा.

पाऊस सरल्यावर यशराजने मलकापूरला बाजाराच्या दिवशी मांडव टाकला. मला टेम्पोत घालून तिकडे नेलं. पुढे हार घातला, मागे स्पीकर लावला.

दुपारी विठाबाई आली. उंच, रुंद, खांद्यावर पदर घट्ट ओढलेला, चालताना समोरचा आपोआप बाजूला होईल अशी चाल. तिच्या मागून तिचा दीर गुंडू मोटरसायकल ढकलत आला. तो वाळलेला, आणि त्याचं तोंड कायम हसायच्या बेतात.

तिने माझं हँडल धरलं आणि सरळ विचारलं, "पावणं, ही आमच्या वस्तीचा चढ चढंल का?"

"मावशी, उडतीय ही," यशराज म्हणाला.

"उडवायची न्हाय, चढवायची हाय. जाताना पुढं दुधाचा कॅन, येताना पेंडीचं पोतं असतंय."

यशराजने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओठाचा कोपरा हलला. "तुमचं वजन किती म्हणायचं?"

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. अशा वेळी गिऱ्हाईक लाजतं, खोटं सांगतं किंवा निघून जातं. विठाबाई मोठ्याने म्हणाली, "एकशे दहा किलो. आनि पुढचं वझं येगळं. आता सांग."

कुणीतरी फिसकन हसलं. गुंडू तर मांडी थोपटून हसला. "वहिनी, तुला टेम्पोच घ्यावा लागतोय."

ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. ती गाडी कशासाठी मागत होती हे त्यानेच मांडवभर सांगितलं. तिचा नवरा कागलकडे कारखान्यात कामाला. आठवड्याने घरी यायचा. दोन म्हशींचं दूध रोज दोनदा खालच्या डेअरीत घालायचं, आणि ते गुंडूच्या मोटरसायकलवरून जायचं. त्याचं मन असेल तर. नसेल त्या दिवशी डेअरी बंद व्हायची आणि दूध परत घरी यायचं. "माझ्याशिवाय हिचं पान हालत न्हाय," असं तो सगळ्यांना सांगत होता, आणि ती ते ऐकत उभी होती. पेट्रोलपंप लांब, घरात वीज होती, भाचीच्या स्कूटरवर हात बसला होता. तिने विचार करून ठरवलं होतं.

"चला वस्तीवर," ती यशराजला म्हणाली. "चढली तर आत्ता घेतो."

एवढ्या लोकांपुढे यशराजला नाही म्हणता येईना.

वस्तीच्या पायथ्याला मला टेम्पोतून उतरवलं. टेम्पोला पुढे वाट नव्हती. मी वर पाहिलं. जांभ्याचे दगड वर आलेले, पावसाने मधोमध चर पाडलेला, आणि वळणावर सगळी मोकळी खडी. पेंडीच्या पोत्याच्या जागी पायथ्याच्या घरातून कॅन आणून पाण्याने भरला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मग विठाबाई बसली. कडेवर नाही, पूर्ण बसली. माझे शॉकअप तळाला टेकले. मला तिचा इतका संताप आला की सांगता येत नाही.

पहिला टप्पा मी चढले. दुसऱ्याला मोटर तापायला लागली. दगड पोटाला घासत होते, चाक खडीत फिरत होतं. वळणाच्या अलीकडे पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं आणि माझी ताकद निम्मी झाली. मग तीही गेली. मी मागे घरंगळायला लागले. विठाबाईने दोन्ही ब्रेक दाबले, दोन्ही पाय दगडात रोवले आणि मला, कॅनला, स्वतःला जागेवर धरून ठेवलं. दुसरं कुणी असतं तर आम्ही सगळेच चरात गेलो असतो.

वस्तीतली माणसं बांधावर जमली होती. गुंडू वाटच बघत होता. "म्हनलं न्हवतं?"

"गाडीत काही दोष नाही," यशराज घाम पुसत म्हणाला. "लोड जास्ती झाला."

"मग तू बस," विठाबाई म्हणाली. "कॅन हाय तसाच असू दे."

मी थंड होईपर्यंत थांबून यशराज बसला. तो काडीसारखा. मी चढले. रडतखडत, पाय टेकत, पण चढले. फक्त शेवटच्या दगडावर माझ्या पोटाखालचं कव्हर फुटलं, आतली वायर तुटली आणि तिच्या गोठ्यापुढे पोचून मी बंद पडले.

"बघ," गुंडू खालून ओरडला, "त्यो चढला की."

विठाबाई धापा टाकत वर आली आणि माझ्या फुटक्या पोटाकडे बघून म्हणाली, "चढला. आनि एका खेपंत गाडी मेली. मला रोज दोन खेपा हायत."

यशराज चिडला होता. त्याची डेमोची गाडी मोडली होती. "मावशी, राग मानू नका, पण आधी वजन कमी करा. मग गाडी बघू."

"वजनाचं माझं मी बघतो. तवर दूध काय खुंटीला अडकवून ठिवू?"

यशराजने माझं हँडल लॉक केलं, किल्ली खिशात घातली. तो मला तिथेच टाकून खाली उतरला. सकाळी माणसं पाठवतो म्हणाला.

सकाळी मी तिच्या अंगणातच होते. धारा काढून झाल्या, कॅन भरला. गुंडूने मोटरसायकल चालू केली आणि तिच्यापुढून रिकामीच काढली. "विजंची गाडी घ्येनार न्हवं? तीच न्हील आता दूध."

विठाबाईने त्याला हाक मारली नाही. चुंबळ केली, कॅन डोक्यावर घेतला आणि ज्या चढाने मला आडवं केलं होतं तो उतरायला लागली. मोकळ्या खडीवर तिचा एकही पाय घसरला नाही. तिचं जे वजन मी काल शिव्या देत वाहिलं, ते आता तिला जमिनीला धरून ठेवत होतं. मला ते पाहायचं नव्हतं. पण मान वळवायला मला मान नाही. हँडल आहे, आणि ते लॉक होतं.

दोनच दिवसांनी ती एसटीने कोल्हापूरला आली. मी दारात उभी होते. वायर जोडली होती, कव्हरची चीर तशीच होती. ती माझ्या शेजारून आत गेली आणि यशराजला म्हणाली, "मागं राखाडी गाडी हाय म्हनत हुती तुझी पोरं, हिला न्यायला आलती तवा. ती दाव."

मागे गोडाऊनमध्ये एक रुंद, बोजड गाडी होती. सिलिंडर पोचवणारे घेतात तसली. चाकं मोठी आणि जाड, पोट उंच, मोटर चाकात नाही तर मधे. दिसायला कुरूप, म्हणून यशराज ती पुढे लावायचा नाही. बायकांना रंग लागतो, असं तो धरून चालायचा. मी मांडवात त्या रंगासाठीच उभी केलेली होते.

"ही मालवाहू आहे मावशी. तुम्हाला शोभायची नाही."

"शोभंला काय करायचंय? माझ्या चढावर घिऊन चल."

"त्या चढावर आमची एक गाडी मोडलीय. पुन्हा येणार नाही. घ्यायची तर इथनं घ्या, नाहीतर राहू द्या."

"बरं," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली.

त्यानंतर जो येईल त्याला ती एकच विचारायची. "पावणं, तुमच्या घराकडं चढ हाय काय?" हाय म्हटलं की माझ्या पोटाच्या चिरेकडे बोट. "ह्ये बघा. ह्ये आमच्या चढावर झालं. इचारून घ्या." ती खोटं काही बोलत नव्हती, आवाजही चढवत नव्हती. एक जोडपं आल्या पावली परत गेलं. एका म्हाताऱ्याने आत जाऊन यशराजला माझी मोटर कुठे बसवली आहे ते विचारलं. यशराज दोनदा बाहेर आला, दोनदा आत गेला. मी लाजेने मेले. पिस्ता रंगाची, हार घातलेली मी; आणि ही बाई माझी चीर गावाला दाखवत होती.

दुपारनंतर यशराजने टेम्पो बोलावला.

मी त्या वेळी चढावर नव्हते. टेम्पोवाला परत आल्यावर शोरूममधल्या पोरांना सांगत होता ते ऐकलं. राखाडी गाडी तिला आणि भरल्या कॅनला घेऊन एका दमात गोठ्यापर्यंत गेली. वळणावर गुंडू मोटरसायकल आडवी लावून उभा होता. हलेना. विठाबाई थांबली, हॉर्नवर बोट ठेवलं आणि ते काढलंच नाही. अख्खी वस्ती बाहेर आली तेव्हा त्याने मोटरसायकल बाजूला घेतली. दोघांत एक शब्द झाला नाही, आणि अजूनही होत नाही म्हणतात. दूध मात्र रोज वेळेवर जातं.

आता मी जुनी झाले आहे. पिस्त्याचा रंग उन्हाने विटलाय. मला रंकाळ्याकडे फिरवून आणा, ऑफिसला न्या, भाजीला न्या. मी तक्रार करणार नाही. मी त्याच कामासाठी घडवलेली आहे. पण मला विकायला बसलेल्यांनो, गिऱ्हाईकाला वजन विचारताना हसू नका, आणि त्याची वाट कुठली ते आधी विचारा. नाहीतर हाल आम्हा दोघांचे होतात.

परवा विठाबाई गाडीच्या कामासाठी आली होती. त्याच वेळी भैरवी नावाची एक तरुणी आत आली. नुकतीच मास्तरीण झालेली, शाळा पन्हाळ्याकडच्या एका वाडीत, अंगाने चांगलीच भरलेली. तिला माझा रंग आवडला. ती माझ्यावर बसली, तशीच, सीटच्या कडेवर. शॉकअप करकरले तशी ती ओशाळली आणि स्वतःशीच म्हणाली, "मीच जाड आहे."

विठाबाईने हातातला चहाचा कप ठेवला.

"उतर खाली, बाळ. तू बरोबर हायस. गाडी कमी पडतीया."

माझा संताप झाला. इतकी वर्षं माझ्यावरून उतरणाऱ्या जाड माणसांनी मान खाली घालून जायचं, ही रीतच होती. भैरवी उतरली, मान वर ठेवून, आणि मागच्या गोडाऊनकडे गेली. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.