तिसरीचा खांदा

मास्तरांना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि तमिळमधलं तर त्याहून कमी. तरीही त्या एका तमिळ रॅपचा व्हिडिओ त्यांनी आठवड्याभरात दोनशे वेळा तरी पाहिला असेल. गाणं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं. गाणारा असा सुटलेला, की मधे श्वास कधी घेतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. चित्रं त्याहून घाईत. एक नीट डोळ्यांत भरतंय तोवर दुसरं येऊन त्याला ढकलायचं. पण मास्तर बघत होते ते गाण्यासाठी नव्हे. त्यात नाचणाऱ्या एका मुलीने जाकिटाची कॉलर झटक्यात वर केली होती, आणि त्या कॉलरच्या आत लाल दोरा होता.

लाल दोऱ्याचं असं आहे. मास्तरांच्या वडिलांनी शिवणकामाचं हे दुकान काढलं तेव्हापासून इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कोटाच्या कॉलरखाली, जिथे गिऱ्हाईक आयुष्यात कधी बघायचं नाही अशा जागी, लाल दोऱ्याचे तीन तिरके टाके घालायची पद्धत होती. कशासाठी, ते वडिलांनी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. हे टाके घालणारी माणसं जगात तीनच. त्यांतले वडील गेले. मास्तर इथे मशीनवर बसलेले. उरली त्यांची मुलगी, आणि ती अकरा महिन्यांपूर्वी घर सोडून गेली होती.

मुलगी डावरी. लहानपणी तिने पेन्सिल डाव्या हातात धरली तेव्हा मास्तर कौतुकाने हसले होते. सुई डाव्या हातात धरली तेव्हा मात्र त्यांचं हसू आटलं. डावऱ्या हाताचा टाका उलटा कलतो. गिऱ्हाइकाला ते सात जन्मांत कळणार नाही, पण मास्तरांना कळायचं आणि खुपायचं. पोरीने डावऱ्या हाताची कात्री मागितली, तर म्हणाले, "कात्रीने तुझ्याप्रमाणे वागायचं, की तू कात्रीप्रमाणे?" पोरगी पण त्यांचीच. हट्टाने शिकली, आणि काजं करण्यात तर बापाच्या एक पाऊल पुढे गेली. हे बापाला पक्कं ठाऊक होतं. पण कौतुकाचा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे या माणसाला दाढ उपटल्यासारखं व्हायचं.

मग ते बारा कोट आले, एका वाद्यवृंदाचे. चार दिवस मान मोडून तिने सगळ्यांची खालची तुरपाई हाताने केली. वाद्यवृंदाचा व्यवस्थापक कोट न्यायला आला, खुर्चीत टेकला, आणि मास्तरांनी त्याच्यादेखत पहिला कोट उलटा करून पाहिला. "हे असं आमच्या दुकानातून जाणार नाही," म्हणाले, आणि ब्लेड घेऊन बसले. एकामागून एक बारा कोटांची तुरपाई उसवली. व्यवस्थापक बिचारा म्हणत होता, "अहो, चांगली आहे की!" मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. बारावा कोट झाला तेव्हा तिने बोटावरची धातूची टोपी, अंगुस्तान, काढून कापायच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती घरात नव्हती. फोन लागेना, मैत्रिणींना माहीत नाही. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं, की मी बरी आहे, शोधू नका.

त्या दिवसापासून बायको मास्तरांशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढलंय. पाणी आलंय. इस्त्री तापलीय.

व्हिडिओ आणला तो भाचीने. मास्तरांच्या बहिणीची ही मुलगी नोकरी सांभाळून एक चॅनल चालवायची. कळत नसलेल्या भाषांतली गाणी पहिल्यांदा बघायची, बघताना आपलं तोंड कसं होतं ते लोकांना दाखवायचं, असला उद्योग. गंमत म्हणजे तेही बघायला लोक होते. पिशवीची चेन बदलून घ्यायला ती दुपारी दुकानात आली आणि मामाचा पडलेला चेहरा बघून म्हणाली, "मामा, हे बघ. नुसता वेग बघ रे याचा!"

"मशीन दोरा तुटल्यावर अशीच धावते," मास्तर म्हणाले. मग त्यांनी चेन हातातून खाली ठेवली. "थांबव."

"काय झालं?"

"मागे ने. ती कॉलर."

भाचीने मागे नेलं, थांबवलं. पडद्यावर कोणाची तरी टाच. पुन्हा. एक कुत्रा. पुन्हा. गाणाऱ्याचा उघडा जबडा. शेवटी भाचीने वेग अगदी कमी केला. गाणारा रेड्यासारखा रेकायला लागला, आणि त्या रेकण्यात ती कॉलर सावकाश वर गेली. लाल दोऱ्याचे तीन टाके. उलटे कललेले.

"माझी पोर आहे," मास्तर म्हणाले.

"ही नाचणारी? छे रे मामा, ही तर..."

"नाचणारी नाही गं. शिवणारी."

बायको इस्त्रीच्या टेबलापाशी होती. तिने येऊन फोन हातात घेतला आणि त्या तीन टाक्यांवरून बोट फिरवलं. अकरा महिन्यांत मुलीच्या हातचं एवढंच काय ते पाहायला मिळालं होतं.

पुढचे आठ दिवस मास्तरांनी जिवाचं रान केलं. गाण्याच्या शेवटी नावं धावत होती, ती भाचीने एकेक थांबवून वाचली. 'कपडे' या शब्दाखाली एका कंपनीचं नाव. तिथे फोन लावला. फोनवरचा माणूस सभ्य होता, पण म्हणाला, दोन दिवसांसाठी पन्नास जण घेतले होते, काम संपलं, आपापल्या वाटेने गेले, कोण कुठलं याची यादी नाही. भाचीने गाण्याखाली लिहिलं, 'ही जाकिटं शिवणाऱ्या मुलीचे आईवडील तिला शोधत आहेत.' पाच मिनिटांत त्यावर शंभर जणांचं लिखाण येऊन पडलं आणि ते तळाला गेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं. मास्तरांची भूक गेली. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय त्यांनी दोन बोटं आखूड कापला, जे चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

"मामा, एकच उपाय आहे," भाची म्हणाली. "माझ्या चॅनलवर तूच बस. थेट प्रक्षेपण करू. गाणं बघ, आणि तिच्याशी बोल. या गाण्याचे वेडे लोक असलं काही दिसलं की धावत येतात. तीही बघेल. शिवलेलं आपलं असलं की माणूस बघतंच."

"आणि बोलू काय?"

उत्तर बायकोने दिलं. "चुकलं माझं, घरी ये. एवढंच बोला. जास्त काही नको."

हे वाक्य बायकोने त्यांच्याकडून घोकून घेतलं. मास्तर दाढी करताना म्हणायचे, बॉबिन भरताना म्हणायचे. चुकलं माझं, घरी ये. एकट्याने म्हणताना नीट यायचं.

रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून भाचीने कापायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मास्तरांनी धुतलेला शर्ट घातला होता. बायको इस्त्रीपाशी उभी राहिली. भाचीने सुरुवातीला थोडं सांगितलं, हे माझे मामा, कोट शिवतात, या गाण्यातल्या कपड्यांशी त्यांचं नातं आहे. बघणारे आधी दोनशे होते, मग नऊशे, मग तीन हजारांवर गेले. गाणं सुरू झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मास्तरांनी हे गाणं आजवर तळहाताएवढ्या फोनवर पाहिलं होतं. आज ते पहिल्यांदाच मोठं दिसत होतं. बारा मुली ओळीने पुढे आल्या, बारा जाकिटं, आणि ओळीतली तिसरी. तिसरीने हात वर केला तसा जाकिटाचा खांदा मानेकडे सरकला आणि मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, ही एवढी चुणी पडली.

"हा खांदा बघा," मास्तर म्हणाले.

भाचीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

"तिसरीचा. मुंढा अर्धा इंच कमी कापलाय. बाहीला चुण्या आल्यात. नाचायचे कपडे आहेत ना? मग हात वर जाणार हे कापताना सुचायला नको? आणि टीप बघा, ओढलेली. हे असं आमच्या दुकानातून..."

तिथे ते थांबले. आपल्या तोंडातून काय निघालं ते त्यांच्या कानांनी ऐकलं. बारा कोट, ब्लेड, शेजारी उभी असलेली पोर, सगळं एकदम समोर आलं. आता ते वाक्य बोलायचं होतं. चुकलं माझं. तोंड उघडलं, पण आठवडाभर घोकलेलं ते वाक्य काही पुढे सरकेना. गाणारा मात्र सुटला होता, एका दमात हजार शब्द बोलत होता, आणि मास्तरांना त्याचा मनापासून हेवा वाटला. आपल्याला फक्त चार शब्द हवे होते.

"काजं..." एवढंच कसंबसं निघालं. "काजं चांगली आहेत."

गाणं संपलं. मास्तरांनी पडद्याला हात जोडले आणि उठले.

बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीन हजार लोकांसमोर पुन्हा उसवलंत तिला," एवढं म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. मास्तर कोऱ्या कापडाच्या ताग्यांकडे बघत उभे राहिले. देवाने एक संधी दिली होती आणि आपण तिच्यात चुणी शोधली. या जन्मी आता पोर दिसायची नाही, असं त्यांना स्पष्ट वाटलं. ते खाली बसले आणि गुडघ्यात तोंड खुपसून रडले, अगदी मोठ्याने. भाचीने आपली वायर गुंडाळली.

पुढचे दोन दिवस भाचीच्या त्या व्हिडिओखाली मास्तरांचा उद्धार चालला होता. कोण हा म्हातारा? याला नाच दिसत नाही, खांदा दिसतो! कोणीतरी त्यांचं 'तिसरीचा खांदा' एवढंच तोडून, त्याच गाण्याच्या तालावर बसवलं, आणि लोक त्यावर हसत होते. मास्तरांनी ते पाहिलं नाही. त्यांनी एक जुनी चिंधी घेतली, सुई डाव्या हातात धरली आणि टाका घालून पाहिला. बोटाला टोचलं. पुन्हा घातला. पोरीने उजव्या हातांच्या दुकानात एवढी वर्षं कशी काढली असतील, हे त्यांना त्या चिंधीवर पहिल्यांदा कळलं. वरातीमागून घोडं, पण कळलं.

बुधवारी दुपारी भाची धापा टाकत आली. चपला न काढताच आत शिरली.

"मामा. मामी, तू पण ये. हे वाचा."

हजारो ओळी होत्या, नाना लिप्यांत. त्यांच्यामध्ये आपल्या भाषेतली एक ओळ होती. वर नाव नाही, फोटोच्या जागी नुसता राखाडी गोल.

'तिसरीचा खांदा मी शिवलेला नाही. मी फक्त कॉलर आणि काजं केली.'

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तिथेच होती. एवढ्या जगात हा आळ कोणाच्या जिव्हारी लागावा? बाप मेला तरी चालेल, पण चुकीच्या टिपेचं खापर माझ्यावर नको, असं एकच माणूस म्हणू शकत होतं. बायकोने पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत होती की रडत होती ते सांगता येत नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली. "आता तरी लिहा."

मास्तरांना एका बोटाने लिहायला फार वेळ लागला. त्यांनी लिहिलं, 'चुकलं माझं. खांदा मशीनवर काढलेला होता, तुझा हात नव्हता, हे मला कळायला हवं होतं. मुंढा ज्याने कापला त्याला सांग की...'

बायकोने खांद्यावरून वाकून वाचलं.

"पहिलं वाक्य ठेवा," ती म्हणाली. "बाकीचं पुसा."

मास्तरांनी एकेक अक्षर करून सगळं पुसलं. 'चुकलं माझं' तेवढं उरलं. त्यापुढे त्यांनी 'घरी ये' लिहिलं आणि डाव्या हाताने ते पाठवलं.