फणसवाडीचा गळा

"तू फक्त घोषणा दे रे, श्यामकांत. मालनचं काही काढू नकोस," मंडळातल्या म्हाताऱ्या अप्पांनी ह्यांना बजावलं, तेव्हाच मला कळलं, हे गप्प बसायचे नाहीत. नवऱ्याला ओळखते मी!

हे बँकेत कारकून. जेवताना मीठ मागतील तेही कुजबुजत. पण फणसवाडीतून मोर्चा निघाला की घोषणा ह्यांचीच. हे "संयुक्त महाराष्ट्र" म्हणाले, की अख्खी वाडी "झालाच पाहिजे" म्हणून उसळायची.

त्या संध्याकाळी सभा होती. स्टेजवर आमच्या मंडळाचा चिटणीस दत्ताराम, गळ्यात हार घालून. त्याच आठवड्यात झेंड्यांच्या खोलीत ह्या मेल्याने शेजारच्या मालनला कोंडलं, अंगावर हात टाकला. फाटक्या पोलक्यानिशी ती ओरडत बाहेर आली, सगळ्यांनी पाहिलं. आणि पुरुष मंडळी काय म्हणाली? "आत्ता नको, चळवळीला बट्टा लागेल." वर मालनलाच तिची वाडीतली राहती खोली सोडायला सांगितलं!

"संयुक्त महाराष्ट्र!" ह्यांनी आवाज लावला.

"झालाच पाहिजे!"

मग त्याच सुरात, "दत्तारामचा निषेध!"

"झालाच पाहिजे!" सवयीने सगळी वाडी गरजली. आणि मग माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

दत्ताराम ताडकन उठला. "श्याम्या, डोकं फिरलं काय रे तुझं?"

"मालनच्या अंगावर हात तू टाकलास. खोली तिने का सोडायची?" ह्यांनी मूठ आणखी वर केली, मला गॅलरीतून दिसत होतं. "दत्तारामचा निषेध!"

आता मात्र कुणी चकार शब्द काढेना. तेवढ्यात काठी टेकत अप्पा उठले. हो, तेच अप्पा! "झालाच पाहिजे!" म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. मग वाडीतला लवू उठला, राजाराम उठला. तिसऱ्या वेळी तर खिडक्या हादरल्या. मी बाई रडत होते आणि ओरडतही होते! दत्ताराम खाली मान घालून निघून गेला.

मालनची खोली राहिली. घोषणा मात्र मंडळाने ह्यांच्याकडून काढून घेतली. पुढच्या मोर्चात हे पार शेवटी, इतरांसारखे नुसते उत्तर देत चाललेले. मालन बायकांची रांग सोडून मागे आली आणि ह्यांच्या शेजारून चालू लागली. तिच्या हातात झेंडा होता. झेंड्यांच्या त्याच खोलीत जाऊन तो तिने स्वतः आणला होता.