ताईचं उघडं बोट

मूळपेशी म्हणजे लाडावलेलं पोर. मोठेपणी काय व्हायचं ते ठरवतच नाही. नको त्या जनुकांची तोंडं बंद करून तिला मार्गाला लावतात ते आरएनएचे इवलेसे तुकडे. त्या तुकड्यांपायी ताईने प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घातली, पण तिच्या बशीतल्या पेशी ढिम्म. मग धाकटी बहीण तिथेच कामाला लागली, तिने एक तुकडा बदलला आणि हिच्या पेशी हृदयासारख्या धडधडायला लागल्या!

"पुन्हा धडधडल्या, तर शोधनिबंधावर पहिलं नाव धाकटीचं," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले.

ताई तोंडभर हसली आणि आतून जळून खाक झाली. हिला पिपेट धरायला शिकवलं कुणी? सरांकडे शब्द टाकला कुणी? लहानपणी नवी बाहुली हिला, आता हेही हिलाच!

आरएनए भारी नाजूक. माणसाच्या कातडीवरच त्याला फस्त करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, म्हणून प्रयोगशाळेत हातमोज्याशिवाय कुणी कशाला शिवत नाही. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ताईने हातमोजा काढला. धाकटीची आरएनएची कुपी उघडली, झाकणाच्या आतून उघडं बोट फिरवलं, झाकण लावून कुपी हलवली आणि जागच्या जागी ठेवली. मग जेवायला गेली. जेवणही गेलं.

धडधड दिसायच्या दिवशी धाकटीची बशी थंडगार. ताईच्या जिवाला गारवा मिळाला. धाकटी मात्र ताईचीच बशी बघून हुंदके देत होती.

"माझं जाऊ दे गं. तुझं वाटोळं केलं मी."

"माझं काय?"

"तुझ्या पेशींनाही मी माझ्याच कुपीतलं दिलं होतं. तुला चकित करायचं होतं. सरांना सांगितलं होतं, मला हे सगळं ताईने शिकवलंय. दोघींच्या बशा धडधडल्या तर पहिलं नाव तिचं लावा. ते कबूलही झाले होते."

ताईने आपली बशी जवळ ओढून पाहिली; तीही थंडगार.

"माझाच हात कुठेतरी लागला असणार," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "वेंधळी ती वेंधळीच. ताई, हातमोजे कसे घालायचे ते पुन्हा एकदा शिकव ना."

तिने दोन्ही हात पुढे केले. ताईने खोक्यातून नवी जोडी काढली.